लसीची रांग : यादीत आधी कोण आणि दारात आधी कोण?

२१ जून २०२१ पासून १८ वर्षांवरील सर्वांसाठी केंद्र सरकार स्वतः लस विकत घेऊन राज्यांना मोफत देणार होते. ७ जूनच्या भाषणात पंतप्रधानांनी ही घोषणा केली आणि अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आम्हीही टाकला. उशिरा का होईना, चूक दुरुस्त झाली. पण ‘सर्वांना मोफत’ म्हटले म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. लस कमी आणि घेणारे जास्त, ही तेव्हाची परिस्थिती होती. अशा वेळी आधी कोणाला आणि मागून कोणाला, हे कोणीतरी ठरवतच असते. सरकारने नीट ठरवले नाही तर पैसा ठरवतो, ओळख ठरवते, नाहीतर हातातला मोबाईल ठरवतो. त्याआधीच्या पाच महिन्यांत नेमके तेच झाले. म्हणून या पाच महिन्यांचा हिशेब मांडणे गरजेचे आहे.

कागदावरची यादी

१६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झाले. सर्वात आधी सुमारे १ कोटी आरोग्य कर्मचारी. २ फेब्रुवारीपासून सुमारे २ कोटी फ्रंटलाइन कर्मचारी, म्हणजे पोलीस, लष्कर, होमगार्ड, पालिकेचे आणि महसूल खात्याचे लोक. १ मार्चपासून साठीच्या पुढचे सर्व आणि ४५ ते ५९ वयाचे आजारी लोक. १ एप्रिलपासून ४५ च्या पुढचे सगळे.

या यादीमागे दोन साधे प्रश्न होते. आजार झाला तर मरण्याचा धोका कोणाला जास्त? आणि दुसऱ्यांसाठी स्वतःचा जीव धोक्यात कोण घालतो? इतर देशांनीही हेच प्रश्न विचारले, उत्तरे मात्र वेगळी काढली. ब्रिटनने वृद्धाश्रमातील म्हातारे आणि त्यांची सेवा करणारे यांना आधी घेतले आणि मग वयाप्रमाणे खाली येत गेले. शिक्षक आणि पोलिसांनी आम्हाला आधी द्या म्हणून मागणी केली, तेव्हा तिथल्या तज्ज्ञांनी सांगितले की वयाचा नियम सोपा आहे, त्याने काम लवकर होते आणि जास्त जीव वाचतात. इंडोनेशियाने उलट केले. आरोग्य कर्मचाऱ्यांनंतर कामावर जाणाऱ्या १८ ते ५९ वयाच्या लोकांना पुढे ठेवले. त्यांच्याकडे जी लस आली होती तिच्या चाचण्या त्याच वयोगटावर झाल्या होत्या आणि घराबाहेर पडणारा माणूसच आजार घरात आणतो, असाही विचार त्यामागे होता.

कोणते उत्तर बरोबर यावर वाद होऊ शकतो. पण दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. नियम आधी जाहीर केला, त्याचे कारण सांगितले आणि कोणाच्या खिशात किती पैसे आहेत हे विचारले नाही. आपली पहिल्या तीन महिन्यांची यादीही साधारण अशीच होती. तिला आम्ही वाईट म्हणणार नाही.

तरी तिच्यात एक भोक होते. आरोग्य आणि फ्रंटलाइन कर्मचाऱ्यांची नावे त्यांच्या कार्यालयांकडून आली. ज्याला कार्यालय आहे, ओळखपत्र आहे, त्याचे नाव आपोआप वर गेले. ज्याला मालकच नाही, त्याचे नाव कोण पाठवणार? आमच्या ओळखीचा तिशीतला एक तरुण तेव्हा वर्षभर मोहल्ल्यातील काही मुलांसोबत कोविडच्या मय्यती दफन करत होता. रात्री दोनला फोन आला तरी पीपीई किट चढवून कब्रस्तानात हजर. घरचे लोक ज्या मय्यतीजवळ यायला घाबरत होते, तिला कबरीत उतरवण्याचे काम या मुलांनी केले. पण तो ना पालिकेचा कर्मचारी, ना रुग्णालयाचा. ट्रस्टचा पगारी माणूसही नाही. एप्रिल उजाडला तरी त्याला लस नव्हती.

तेवढ्यात आणखी एक गोष्ट घडली. अनेक ठिकाणी भलत्याच लोकांनी स्वतःला आरोग्य सेवक दाखवून लस टोचून घेतल्याच्या तक्रारी आल्या. म्हणून ३ एप्रिलला केंद्राने या दोन्ही गटांची नवी नोंदणीच बंद केली. निर्णयामागचे कारण समजण्यासारखे आहे. पण परिणाम पाहा. ओळखीच्या जोरावर जे घुसले ते लस घेऊन मोकळे झाले आणि जो खरोखर हक्कदार होता पण मागे राहिला होता, त्याच्यासाठी दार बंद झाले. रांग मोडणाऱ्याला वाटते, माझ्या एका इंजेक्शनने काय होणार? हे होते.

१ मे : रांगेचे दुकान झाले

खरा घोळ १ मेपासून झाला. रमजानचे दिवस होते, दुसरी लाट जोरात होती, रोज ओळखीतले कोणी ना कोणी जात होते. त्याच वेळी १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी लसीकरण खुले केले आणि त्याची जबाबदारी केंद्राने स्वतःकडून काढून टाकली. तयार होणाऱ्या लसीपैकी निम्मी केंद्राची, पाव हिस्सा राज्यांनी विकत घ्यायचा आणि पाव हिस्सा खाजगी रुग्णालयांनी. एकाच कोविशिल्डचा दर केंद्राला १५० रुपये, राज्यांना ३०० रुपये आणि खाजगी रुग्णालयांना ६०० रुपये. कोवॅक्सिन राज्यांना ४०० आणि खाजगीला १,२०० रुपये.

महाराष्ट्र सरकारने १८ ते ४४ गटाला मोफत लस देण्याचे जाहीर केले. पैसे द्यायची तयारी होती, पण लसच नव्हती. ४५ च्या पुढच्या लोकांचा दुसरा डोस अडकू लागला, तेव्हा १२ मेपासून राज्याला तरुणांचे लसीकरण थांबवावे लागले आणि त्यांच्यासाठी घेतलेले डोस मोठ्यांकडे वळवावे लागले. तो निर्णय योग्यच होता. ज्याला पहिला डोस दिला त्याला दुसरा देणे हे वचन आहे आणि जास्त वयाच्या माणसाला धोका जास्त. मुंबई महापालिकेने १ कोटी डोससाठी जगभरातून प्रस्ताव मागवले, त्यातूनही काही हाती लागले नाही.

पण या काळात सगळ्यांचेच लसीकरण थांबले होते का? नाही. मोठ्या शहरांतल्या मोठ्या खाजगी रुग्णालयांत त्याच १८ ते ४४ गटाला पैसे मोजून लस मिळत होती. सोसायट्यांमध्ये, कंपन्यांच्या आवारात शिबिरे लागत होती. काही रुग्णालयांनी तर तारांकित हॉटेलांसोबत मुक्काम, नाश्ता आणि लस असे पॅकेज काढले. शेवटी २९ मे रोजी आरोग्य मंत्रालयाला राज्यांना पत्र लिहून हे नियमात बसत नाही, असे सांगावे लागले. म्हणजे सरकारी केंद्राच्या दारावर ‘लस संपली’ अशी पाटी आणि हॉटेलात लस. त्याच शहरात, त्याच आठवड्यात.

सुप्रीम कोर्टाने ३१ मेच्या आदेशात याच मुद्द्यावर बोट ठेवले. ४५ च्या पुढच्यांना केंद्र मोफत लस देते आणि १८ ते ४४ गटाला मात्र राज्यांच्या आणि खाजगी रुग्णालयांच्या भरवशावर सोडते, हे धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि तर्काला न धरून आहे, असे कोर्टाचे म्हणणे पडले. बजेटमध्ये लसीसाठी ठेवलेल्या ३५ हजार कोटी रुपयांचा हिशेबही कोर्टाने मागितला. आठवडाभरात धोरण बदलले.

मोबाईलवाल्यांची रांग

पैशाची भिंत थोडी खाली आली, पण दुसरी भिंत तेव्हाही उभी होती. १८ ते ४४ गटासाठी सुरुवातीला कोविनवर ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. नोंदणी करा, पिन कोड टाका, स्लॉट दिसतो का ते बघत बसा, दिसला की सेकंदात क्लिक करा, ओटीपी टाका. तोपर्यंत स्लॉट गेलेला असतो. ज्यांच्याकडे चांगला मोबाईल, वेगवान नेट आणि दिवसभर पडद्याकडे बघायला सवड, त्यांची ही रांग होती. वेबसाइट कित्येक महिने फक्त इंग्रजीत होती. मराठीसह इतर भाषा जून २०२१ मध्ये कुठे आल्या.

याचा परिणाम गावांनी भोगला. मुंबई-पुण्याचे लोक जिथे स्लॉट दिसेल तिथे बुकिंग करून गाडीने जात होते. पालघरसारख्या जिल्ह्यातील केंद्रावर शहरातून आलेल्या गाड्या आणि गावातला आदिवासी माणूस बाहेर उभा, असे प्रकार झाले. शहरातून गेलेला माणूस चोर नव्हता. त्यालाही जीवाची भीती होती आणि त्याने नियमानेच बुकिंग केले होते. दोष नियमाचा होता. लस गावाच्या नावावर आली आणि स्लॉट शहराच्या मोबाईलवर उघडला.

२४ मेपासून सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणी करायला परवानगी मिळाली. कोर्टानेही डिजिटल दरीचा प्रश्न विचारला होता. पण परवानगी मिळणे वेगळे आणि केंद्रावर खरोखर तशी सोय असणे वेगळे. ‘आधी ऑनलाइन करून या’ हे वाक्य त्यानंतरही ऐकू येत होते.

ही रांग कोणाच्या विरोधात जात होती ते समजून घ्यायचे असेल तर त्याआधीच्या वर्षीचा एक आकडा आठवावा. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ताची तपासणी झाली. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांना कोरोना होऊन गेल्याचे दिसले. त्याच वॉर्डांतील झोपडपट्टीबाहेरच्या वस्तीत सुमारे १६ टक्के. कोणी म्हणेल, मग वस्तीतल्या लोकांना लसीची घाई काय? त्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती आलीच आहे. पण हा आकडा खरे तर वेगळीच गोष्ट सांगतो. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे, सार्वजनिक संडास, बंद न ठेवता येणारे काम. या लोकांना घरात बसून स्वतःला वाचवणे शक्यच नव्हते. जो घरी बसून वाचू शकतो त्याला आधी लस आणि ज्याला बाहेर पडल्याशिवाय चूल पेटत नाही त्याला मागून, हा उलटा न्याय झाला.

यंत्रमागावरचा माणूस

भिवंडी आणि मालेगाव डोळ्यासमोर आणा. यंत्रमागावर बारा तासांची पाळी. मजुरी जेवढे कापड निघेल तेवढी. सरकारी केंद्र सकाळी उघडत असे आणि संध्याकाळी बंद होत असे, म्हणजे दिवसपाळीवाल्याचा एक रोज बुडाला. रात्रपाळीवाला झोप सोडून रांगेत उभा राहिला आणि त्याचा नंबर येण्याआधी लस संपली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लस घेतल्यावर ताप आला तर आणखी दोन रोज गेले. ऑफिसवाल्याला रजा मिळते, याला फक्त खाडा मिळतो.

कामाच्या ठिकाणीच लस देण्याचा नियम एप्रिलमध्ये आला. पण अट होती की तिथे किमान १०० पात्र कर्मचारी हवेत. कंपनीला हे सहज जमले. एका शेडमध्ये दहा-वीस मजूर असलेल्या कारखान्याला कसे जमणार? पुढे परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांसाठी कोविशिल्डचा दुसरा डोस ८४ दिवसांऐवजी २८ दिवसांनंतर देण्याची खास सवलत ७ जूनला जाहीर झाली. त्या मुलांची गरज खरी होती, त्यांचे वर्ष वाया जाऊ नये, आपल्याही अनेक घरांतली मुले आखातात आणि युरोपात जाणार होती. आमचे म्हणणे एवढेच की पासपोर्टवाल्याची अडचण समजून नियम वाकवता येतो, तर पाळीवाल्याची अडचण समजून केंद्राची वेळ का बदलता येत नाही?

‘ते लोक लसच घेत नाहीत’

या चर्चेत एक वाक्य हमखास येत असे : मुस्लिम वस्त्यांत लोक लसच घ्यायला येत नाहीत. कोविनवर नोंदणी करताना धर्म विचारला जात नव्हता. त्यामुळे देशभरात कोणत्या धर्माच्या किती लोकांनी लस घेतली हे त्या आकड्यांतून कोणालाच सांगता येणार नाही. वस्तीत केंद्र किती, किती दिवस चालू होते, रोज किती डोस आले, हे न सांगता फक्त ‘येत नाहीत’ म्हणणे ही सोपी पळवाट आहे.

पण आपणही आपल्या घरात खरे बोलले पाहिजे. व्हॉट्सअॅपवर काय काय फिरले ते आपल्याला माहीत आहे. लसीने मूल होत नाही, दोन वर्षांत माणूस मरतो, लसीत डुकराची चरबी आहे. कोविशिल्ड आणि कोवॅक्सिन या दोन्हींत जिलेटिन नाही. जीव वाचवण्याची गरज असेल तर तशी लसही घेता येते, असे जगातल्या अनेक उलेमांनी डिसेंबर २०२० मध्येच सांगितले होते. रोजा असताना लस घेतली तर रोजा तुटत नाही, हेही अनेक मुफ्तींनी सांगितले. तरीही अफवा टिकल्या.

त्या का टिकल्या, याचेही कारण आहे. मार्च-एप्रिल २०२० मध्ये तबलीगी जमातच्या नावाने साऱ्या कौमला कोरोना पसरवणारे ठरवले गेले. भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेतली गेली. ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे सांगितले. पण तोपर्यंत मनात भीती बसली होती. ज्या यंत्रणेने तुम्हाला रुग्ण म्हणून नाही तर आरोपी म्हणून शोधले, तीच वर्षभराने सुई घेऊन दारात आली तर माणूस दोन पावले मागे सरकतो. विश्वास हाही लसीइतकाच पुरवावा लागतो.

आणि घरातल्या रांगेचे काय? देशात जून २०२१ पर्यंत लस घेतलेल्या स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा कमी होती. तेव्हा एका मोबाईल नंबरवर चार जणांची नोंदणी होत असे. तो मोबाईल कोणाच्या हातात असतो? घरातला कर्ता आधी, मग मुलगा आणि अम्मीचे ‘मी कुठे बाहेर जाते’ म्हणून राहून जाते. साखर तिला, बीपी तिला, आजारी पडलेल्या सगळ्यांची सेवाही तीच करते. सरकारकडे न्याय मागताना हा छोटा न्याय तरी आपल्या हातात आहे.

जगाच्या रांगेतही तेच

ही गोष्ट फक्त आपल्या देशाची नाही. श्रीमंत देशांनी लस तयार होण्याआधीच करार करून ठेवले. मे २०२१ मध्ये अमेरिकेत १२ वर्षांच्या मुलांना लस सुरू झाली, तेव्हा आफ्रिकेतील अनेक देशांत डॉक्टर आणि नर्सही लसीविना काम करत होते. गरीब देशांसाठी केलेल्या कोव्हॅक्स योजनेचा मोठा आधार पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस होती. आपल्याकडे लाट आली, निर्यात थांबली आणि ते देश आणखी मागे पडले. भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये लसीवरचे पेटंट काही काळ बाजूला ठेवा, अशी मागणी केली. ती जून २०२१ मध्येही लटकलेली होती. जून २०२१ मध्ये झालेल्या जी-७ बैठकीत १ अब्ज डोस देण्याचे आश्वासन मिळाले. ते चांगलेच आहे. पण रांगेत हक्काने उभे राहणे वेगळे आणि दुसऱ्याचे उरलेले मिळणे वेगळे.

२१ जूनपासून काय बघायचे होते?

जून २०२१ च्या नव्या नियमांप्रमाणे राज्यांना लोकसंख्या, रुग्णसंख्या आणि लसीकरणाचा वेग पाहून लस मिळणार होती. लस वाया घालवली तर हिस्सा कमी होणार होता. ऐकायला बरोबर वाटते. पण तेव्हा एका कुपीत साधारण दहा डोस असत आणि कुपी उघडली की चार तासांत संपवावी लागे. गर्दीच्या शहरी केंद्रावर दहा माणसे पाच मिनिटांत जमतात. जिथे लोक बिचकत येतात, तिथे सहाच आले तर? एकतर चार डोस वाया जातील, नाहीतर त्या सहा जणांना ‘उद्या या’ म्हणून परत पाठवले जाईल. म्हणजे जिथे लसीची पोच कमी, तिथलाच हिस्सा आणखी कमी होण्याचा धोका. वाया जाण्याचा नियम सगळ्या केंद्रांना एकाच काट्याने लावू नये.

खाजगी रुग्णालयांचा पाव हिस्सा नव्या धोरणातही कायम होता. जून २०२१ मध्ये कोविशिल्ड जास्तीत जास्त ७८० आणि कोवॅक्सिन १,४१० रुपये होती. पाच माणसांच्या घराला दोन-दोन डोस घ्यायचे तर कोविशिल्डचेच ७,८०० रुपये होत. गरिबांसाठी व्हाउचर देण्याची कल्पना मांडली होती. आम्हाला वाटते, त्यापेक्षा न खपलेली लस सरकारी केंद्राकडे वळवणे जास्त सरळ आहे. १८ च्या पुढच्या गटात आधी कोण हे ठरवण्याचा अधिकार राज्याला दिला होता. महाराष्ट्राने तो वापरावा, असे आम्हाला वाटत होते. रिक्षावाले, हमाल, घरकाम करणाऱ्या बाया, यंत्रमाग कामगार, अॅम्ब्युलन्स चालवणारे आणि कब्रस्तान-स्मशानात काम करणारे स्वयंसेवक, यांना पुढे घ्यावे. संध्याकाळी आणि रविवारी केंद्रे चालवावीत. प्रत्येक वॉर्डात रोज किती डोस आले आणि किती दिले, हे केंद्राच्या दारावर मराठी-उर्दूत लिहावे.

आणि आपण? जनतेच्या पैशाने घेतलेली लस ही अमानत आहे. प्रतिष्ठित घराण्यातील एका स्त्रीची शिक्षा टाळण्यासाठी प्रेषितांकडे (स.) शिफारस आली, तेव्हा त्यांनी ती कशी फेटाळली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नगरसेवकाच्या ओळखीने मागच्या दाराने लस घेताना ती गोष्ट आठवावी. ज्यांना मोबाईल जमतो अशा दोन-चार मुलांनी मस्जिदीच्या किंवा शाळेच्या आवारात टेबल टाकून बसावे आणि शेजारच्या सर्वांची, कोणत्याही धर्माच्या माणसाची, नोंदणी करून द्यावी. ऑक्सिजन सिलिंडर पोचवताना आपण धर्म विचारला नव्हता, आताही विचारू नये. वॉर्ड ऑफिसला लेखी पत्र देऊन वस्तीतच केंद्र मागावे आणि केंद्र आले की ते भरून दाखवावे.

तो कब्रस्तानातला तरुण जून २०२१ मध्ये भेटला. ‘नंबर लागला का?’ विचारले, तर म्हणाला, ‘२१ ला जाईन. आधी अब्बांचा दुसरा डोस होऊ दे.’ ज्याला यादीने विसरले, तो स्वतः रांग मोडत नाही. आता यादी बनवणाऱ्यांनी त्याला विसरू नये, एवढीच मागणी आणि एवढीच दुआ.